थांब्यावरून

पुण्यात वाहतुकीच्या पाहण्या करायच्या, आकडे आराखडेवाल्यांच्या हवाली करायचे आणि मग त्याच आकड्यांतून आपल्या स्वप्नातही न आलेले निष्कर्ष निघताना बघायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. सल्लागारांच्या बैठकीत हे बोलायची सोय नसते. मग मी ‘गाडी सर्व्हिसिंगला दिलीय’ असं काहीतरी पुटपुटते आणि बसनं घरी येते. एवढ्या काळात भाड्याच्या सायकली, विजेच्या बस, मेट्रो, बाइक टॅक्सी असं पुष्कळ नवं येताना पाहिलं. त्यातून डोक्यात जे उरलंय, ते असं.

१. नव्या सोयीच्या फोटोत जो माणूस दिसतो, त्याचं त्या सोयीवाचून सहसा काही अडलेलं नसतं. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात मोबाइलनं कुलूप उघडणाऱ्या सायकली आल्या. मागोमाग शहरभर पिवळ्या, नारिंगी सायकलींची रांग लागली. फोटोत हेल्मेट घातलेले तरुण आणि खुशीत हसणारे अधिकारी. त्याच रस्त्यावरून, त्याच वेळी, रात्रपाळी संपवून घरी चाललेला सोसायटीचा वॉचमन आपल्या जुन्या सायकलवर फोटोच्या चौकटीबाहेरून जात होता. सायकलवर खऱ्या अर्थानं विसंबून असलेला माणूस तोच, आणि सायकल मार्गावर लावलेल्या मोटारींना रोज वळसा घालत होता तोही तोच. पिवळ्या सायकलींची ओफो कंपनी २०१८ मध्ये भारतातूनच निघून गेली, बाकीच्याही हळूहळू विरल्या. गंमत म्हणजे आमच्या लहानपणी गल्लीतल्या दुकानात तासाच्या भाड्यानं सायकल मिळायचीच. दुकानदार वहीत नाव लिहून घ्यायचा, आणि ओळखीचा नसलात तर सरळ नाही म्हणायचा. तेव्हाही काही जण बाहेरच राहत होते. फक्त त्यांना नाही म्हणणाऱ्याचं तोंड दिसत होतं.

२. आपण जे विचारत नाही, ते आपल्या नकाशात येत नाही. घरोघर जाऊन ‘काल कुठं कुठं गेलात?’ असं विचारायचं, हे आमचं मूळ काम. केळेवाडीतल्या किंवा सुतारदऱ्यातल्या बाईला विचारावं, तर हमखास उत्तर येतं, ‘मी कुठं जात नाही हो, ह्यांना विचारा.’ मग पहाटेपासून एकेक करत विचारलं की बाहेर येतं: पोराला शाळेत सोडलं, तिथून दोन घरची धुणीभांडी, येताना रेशन, दुपारी सासूला दवाखान्यात, संध्याकाळी पुन्हा एक घर. जवळजवळ सगळं पायी. ह्यांचं मात्र सरळ असतं, घर ते कंपनी आणि कंपनी ते घर. वाहतुकीची मॉडेल्स ह्यांच्यासाठी जन्मली, कारण सरळ रेघ काढायला सोपी. तिच्या दिवसाची रेघ काढली तर कागदावर गुंता होतो, आणि गुंत्याला निधी मिळत नाही. मेट्रोचं वनाज स्थानक तिच्या वस्तीपासून फार लांब नाही. पण तिची घरं मेट्रोच्या मार्गावर नाहीत, ती मधल्या गल्ल्यांत आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण तिचा दिवस सुधारायचा तर गल्लीचा फुटपाथ हवा, आणि फुटपाथाचं उद्घाटन करायला दिल्लीहून कुणी येत नाही.

३. शहरातला खरा अन्याय वेगात कमी आणि वाट बघण्यात जास्त असतो. दर अर्ध्या तासाला बस येत असेल, तर वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलेला माणूस सरासरी पंधरा मिनिटं उभा राहतो. बस दुप्पट करा, साडेसात मिनिटं वाचली. तेवढीच साडेसात मिनिटं पाच किलोमीटरच्या प्रवासात वेगानं वाचवायची, तर बसला ताशी बारावरून सतरा किलोमीटरवर न्यावं लागेल. पुण्याच्या संध्याकाळी हे करून दाखवणाऱ्याला मी पेढे देईन. शिवाय बस अर्ध्या तासाला ठरली तरी तशी येत नाहीच. एक उशिरा आली की थांब्यावर माणसं साठतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागची रिकामी धावत येऊन तिला गाठते, आणि पाऊण तास काहीच नसताना एकदम तीन बस येतात. लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात, पण हा खेळ ड्रायव्हर खेळत नसतो. त्याला मोकळी मार्गिका नाही आणि आगारातून दोन बसमधलं अंतर राखणारं कुणी नाही.

आणि मग अ‍ॅप आलं. बस कुठं आहे ते मोबाइलवर दिसणार म्हणे. मी बैठकीत कुत्सितपणे म्हणाले, ‘म्हणजे बस येत नाही, हे आता घरबसल्या कळणार.’ लोक हसले, मला बरं वाटलं. पुढे एका पाहणीत मॉलमध्ये काम करणारी मुलगी म्हणाली, ‘रात्री दहाला अंधारात थांब्यावर उभं राहायचं ते आता वाचतं. बस जवळ आली की मेडिकलच्या दुकानातून बाहेर येते.’ बस तेवढ्याच उशिरा येत होती. पण मुलीचा तो वेळ आता उजेडात जात होता. माझा विनोद पुन्हा काही मी केला नाही.

४. ओट्याच्या उंचीला कमी लेखू नये. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. तिची टिंगल पुणेकरांनी मनसोक्त केली, आणि काही ठिकाणी ती टिंगल तिनं कमावलेलीही होती. पण पुढच्या ‘रेनबो’ मार्गांवर स्थानकाचा ओटा आणि बसची जमीन एका पातळीत आली, तेव्हा गुडघेदुखीच्या बायका बसमध्ये दिसायला लागल्या. सोबतीला कुणी नाही, चढायला हात कुणाचा धरलेला नाही. ड्रायव्हर बस वीतभर लांब उभी करायचा, तर त्या फटीवरून त्या हक्कानं त्याला ऐकवायच्या. नगर रस्त्यावरची बीआरटी पुढं उखडली गेली. कोंडीवर चर्चा खूप झाली, गुडघ्यांवर कुणी बोललं नाही.

५. धूर गेला म्हणून हिशेब बरोबर होत नाही. पुण्याच्या बससेवेच्या, पीएमपीच्या, विजेच्या बस २०१९ पासून धावतायत, आणि शेजारून गेलेली बस कानाला कळतही नाही, हे सुख मोठं आहे. विजेची मोटार मात्र धूर न सोडता रस्त्यावर तेवढीच जागा अडवते. २०२५ मध्ये राज्याच्या नव्या धोरणानं विजेच्या मोटारींना अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी देऊ केली (बसनाही दिली, हे सांगायला हवं). त्याच उन्हाळ्यात मुंबईत बेस्टचं आणि पुण्यात पीएमपीचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. दोन्ही निर्णयांमागं स्वतंत्र कारणं आहेत, आणि डिझेल, पगार, तोटा यांची गणितं मला तोंडपाठ आहेत. तरी ते शेजारी शेजारी ठेवले की माझं तोंड कडू होतं.

६. दोन गरिबांच्या भांडणात तज्ज्ञानं जपून बोलावं. २०१७ मध्ये राज्यानं रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली, कर्ज काढून हजारो नव्या रिक्षा आल्या. तेवढ्यात बाइक टॅक्सीनं निम्म्या भाड्यात गिऱ्हाईक उचलायला सुरुवात केली. २०२२ च्या नोव्हेंबरात रिक्षावाल्यांनी शहर बंद पाडलं, जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण हायकोर्टात जाऊन ती सेवा थांबली, आणि २०२५ मध्ये फक्त विजेच्या बाइकना मुभा देणारे नियम आले. मी तेव्हा ‘स्पर्धा’, ‘शेवटच्या मैलाची जोडणी’ वगैरे छान छान बोलत होते. एका रिक्षावाल्या काकांनी शांतपणे विचारलं, ‘मॅडम, तुमच्या त्या तक्त्यात माझा हप्ता कुठल्या ओळीत येतो?’ तेवढ्यात बाइक चालवणारा पोरगाही भेटला. इंजिनिअरिंगची फी भरायला करतो म्हणाला, आणि त्याचाही हप्ता होताच. दोघांच्या मधे बसून कमिशन घेणारी कंपनी मात्र कुठल्याच चौकात भेटली नाही. मी चहा पाजून दोघांचंही ऐकून घेतलं. त्यापलीकडे आजही मला उत्तर सुचलेलं नाही.

७. फॉर्म कुणीतरी लहान करतंच. गेल्या पाहणीच्या मसुद्यात मी एक प्रश्न घातला होता: ‘काल एकूण किती वेळ नुसती वाट बघितली?’ फॉर्म लांबतोय म्हणून तो वगळला गेला. नव्या वाहनांच्या पसंतीचं अख्खं पान तेवढं शिल्लक राहिलं. त्यात अजून न आलेल्या पॉड टॅक्सीतून जायला आवडेल का, हेही होतं. वाट बघण्याचा तो प्रश्न मी तोंडी विचारते आणि उत्तर समासात लिहून ठेवते. परवा डेटा भरणारी मुलगी गोंधळून आली, ‘ताई, हे समासातले आकडे कुठल्या रकान्यात टाकू?’ सध्या ‘इतर’मध्ये टाक म्हटलंय.