अपघातातील जखमीची भरपाई : हक्क आणि हिशेब

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा शहराच्या अलीकडे ठाणा आणि जवाहरनगर यांच्या बाजूने जातो. पूर्वी तो क्रमांक 6 म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक 53 आहे. आयुध निर्माणीतील कामगार, आठवड्याच्या बाजाराला निघालेली माणसे, भाताची पोती वाहणारे ट्रॅक्टर, शाळकरी मुले आणि परराज्यांतील अवजड मालमोटारी हे सर्व याच रस्त्याचा आधार घेतात. अशा रस्त्यावर अपघात घडला म्हणजे जखमीच्या घरी दोन दिवसांत मध्यस्थ येतो. दवाखान्याचे बिल आणि वर काही हजार रुपये, एवढ्यावर प्रकरण मिटवावे, असा त्याचा प्रस्ताव असतो. घरच्यांचे हात रिकामे असतात, गावातील जाणती मंडळीही ‘कोर्टकचेरी कशाला’ असा सल्ला देतात, आणि कोऱ्या कागदावर सही होते.

या सल्ल्यामागे एक गैरसमज आहे. जखमीला मिळणारी भरपाई हे वाहनमालकाचे औदार्य नव्हे, आणि घासाघीस करून ठरविण्याची किंमतही नव्हे. तिचा हिशेब न्यायालयांनी आखून दिलेला आहे. हा हिशेब ज्या आकड्यांवर उभा राहतो, ते आकडे मात्र अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जमविलेल्या कागदांतूनच येतात.

कायद्याची वाटचाल

मोटार वाहन कायदा 1939 मध्ये झाला. अपघाताच्या भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याची कटकट टळावी म्हणून 1956 च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार जखमीवरच होता. 1982 मध्ये दोष सिद्ध न करताही ठरावीक रक्कम देण्याचे तत्त्व कायद्यात आले. त्या वेळी मृत्यूबद्दल 15,000 आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल 7,500 रुपये मिळत. सध्या लागू असलेला कायदा 1988 चा असून, त्यातील भरपाईविषयक प्रकरणांत 2019 च्या दुरुस्तीने केलेले बदल 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आले आहेत. आता कलम 164 खाली दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल 5 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. कलम 166 खालील दाव्यात दोष दाखवावा लागतो. मात्र तेथे रकमेला कमाल मर्यादा नाही.

हिशेबाची रीत

जखमीच्या दाव्यात दोन भाग असतात. औषधपाणी, शस्त्रक्रिया, प्रवास, सकस आहार, मदतनीसाचा खर्च आणि उपचारकाळात बुडालेली मजुरी हा झालेल्या खर्चाचा भाग होय. दुसऱ्या भागात पुढील आयुष्यातील कमाईची हानी, पुढील उपचार, वेदना आणि जगण्यातील सुखाला मुकणे यांचा समावेश होतो. कमाईची हानी काढताना वार्षिक उत्पन्नास वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात हे गुणक निश्चित केले. 21 ते 25 वयास 18, 31 ते 35 वयास 16, 41 ते 45 वयास 14, याप्रमाणे ते उतरत जातात. भविष्यात उत्पन्न वाढले असते हे धरून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या 40 वर्षांखालील व्यक्तीच्या उत्पन्नात 40 टक्के वाढ करावी, असे 2017 च्या प्रणय सेठी निकालात ठरले. ही वाढ मृत्यूप्रमाणेच कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांनाही लागू असल्याचे न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले.

उदाहरणादाखल 32 वर्षांचा एक गवंडी घेऊ. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्याची मासिक कमाई 15,000 रुपये सिद्ध झाली, असे समजू. वार्षिक उत्पन्न 1,80,000. त्यात 40 टक्के वाढ धरून 2,52,000. 16 ने गुणून 40,32,000 रुपये होतात. वैद्यकीय प्रमाणपत्रात अपंगत्व 50 टक्के लिहिले असेल आणि तेवढेच धरले, तर कमाईची हानी 20,16,000 रुपये येते. परंतु परातीवर उभे राहून विटा रचणाऱ्या माणसाची काम करण्याची शक्ती 80 टक्क्यांनी गेली, हे न्यायाधिकरणास पटले तर तीच रक्कम 32,25,600 रुपये होते.

हा फरक 2010 मधील राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने ठळक केला. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन भिन्न बाबी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. डावा हात गेलेला सुतार किंवा मोटारचालक जवळजवळ सर्वस्वी बेकार होतो. तोच हात गेलेला सरकारी कारकून आपल्या जागेवर काम करीत राहू शकतो. म्हणून जखमी काय काम करीत होता, ते काम कोणत्या अवयवावर अवलंबून होते आणि आता तो काय करू शकतो, हे पुराव्याने सांगावे लागते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष या ठिकाणी निर्णायक ठरते. ती न झाल्यामुळे चांगले दावे दुबळे पडतात.

उत्पन्नाच्या पुराव्याचेही तसेच आहे. निर्माणीतील कामगाराजवळ वेतनचिठ्ठी असते. रोजंदारीवरील मजुराजवळ काहीच नसते. त्याचे उत्पन्न न्यायाधिकरण अंदाजाने धरते. वरील गवंड्याचे उत्पन्न 15,000 ऐवजी 9,000 धरले गेले, तर 80 टक्के हानी मान्य होऊनही रक्कम 19,35,360 रुपयांवर येते. ठेकेदाराची हजेरीवही, बँकेच्या पासबुकातील नोंदी, बांधकाम कामगार म्हणून झालेली नोंदणी, ज्यांचे घर बांधले त्यांची साक्ष, यांपैकी जे मिळेल ते जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांची खरी मदत होऊ शकते ती येथे.

समेट : कोणता आणि केव्हा

समेट करणे मुळीच गैर नाही. कायद्यानेच त्याची वाट घालून दिली आहे. केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि तपशीलवार अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणास द्यावयाचा असतो. कलम 149 खाली विमा कंपनीचा नियुक्त अधिकारी 30 दिवसांत देकार मांडतो. जखमीने तो स्वीकारल्यास न्यायाधिकरण समेटाची नोंद करते. नाकारल्यास सुनावणी सुरू होते. मात्र या मार्गाने कलम 164 ची अडीच लाखांची रक्कम एकदा स्वीकारली की कलम 166 चा दावा संपुष्टात येतो. किरकोळ हाड मोडलेल्या माणसाला ती रक्कम योग्य असेल. पाय गमावलेल्या गवंड्याला ती फार महागात पडते. लोकअदालतीतील निवाडाही अंतिम असून त्यावर अपील नाही. तेव्हा वरीलप्रमाणे हिशेब मांडल्याखेरीज कोणत्याही देकारास होकार देऊ नये. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, बालके, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तेथे मोफत साहाय्य मिळते.

गावातील खासगी समेटात पहिला बळी जातो तो फिर्यादीचा. फिर्याद नाही, पंचनामा नाही. मग त्याच वाहनाने अपघात झाला हेच विमा कंपनी नाकारते. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, अशी अट 2022 पासून पुन्हा आली आहे. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. दावा अपघात घडला त्या ठिकाणच्या किंवा जखमी राहतो तेथील न्यायाधिकरणात लावता येतो. जवाहरनगरच्या रहिवाशाला दुसऱ्या जिल्ह्यात अपघात झाला, तरी त्याला भंडाऱ्यास दाद मागता येते.

मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडे देऊन प्रवास करणाऱ्या वऱ्हाडाची स्थिती वेगळी आहे. अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. वाहनातील मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यांनाच विम्याचे संरक्षण आहे. लग्नसराईत टेम्पोत दाटीवाटीने बसणाऱ्यांना हे आधी कळलेले बरे.

धडक देऊन वाहन पसार झाले आणि त्याचा पत्ता लागला नाही, तर मृत्यूबद्दल 2 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल 50,000 रुपये मिळतात. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर अपघात ज्या उपविभागात किंवा तालुक्यात घडला तेथील महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो.

मंजूर रक्कम हाती आल्यावरही काही बंधने असतात. अज्ञान बालकाची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहते. निरक्षर दावेदारांच्या रकमेचा मोठा भागही सामान्यतः असाच ठेवला जावा, आणि शस्त्रक्रिया किंवा उपजीविकेचे साधन घेण्याची गरज दाखविल्यास न्यायाधिकरणाने त्यातून पैसे मोकळे करावेत, असे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने केलेले आहे. रक्कम अपुरी वाटल्यास निवाड्यापासून 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. भंडारा जिल्ह्यासाठी ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालते.