कडक स्प्रिंग आणून द्यावी का?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. फोमची गोळी मारणारी खेळण्यातली बंदूक त्याने व्हिडिओ बघून उघडली. आता ‘आतली स्प्रिंग बदलली की दुप्पट जोरात मारेल’ म्हणून कडक स्प्रिंगसाठी मागे लागला आहे. आणून द्यावी का? – एक पालक, मेहकर

उत्तर : स्प्रिंग आणू नका. त्याच्या हातातला पेचकस मात्र काढून घेऊ नका.

आधी आत काय चालतं ते पाहू. स्प्रिंग गोळीला थेट ढकलत नाही. दांडा मागे ओढला की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. घोडा दाबला की दट्ट्या सुटून पुढे धावतो, नळकांड्यातली हवा दाबली जाते आणि ती हवा गोळी बाहेर फेकते. म्हणजे ही पिचकारीच, पाण्याऐवजी हवेची. नर्फ ब्रँडच्या खेळण्यात जेमतेम ग्रॅमभराची गोळी सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने निघते.

आता ‘दुप्पट जोर’. वेग दुप्पट झाला की गोळीतली ऊर्जा चौपट होते. वेगाचा वर्ग काय करतो ते पाहायला तुम्हाला लांब जायला नको. लोणारचं जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर ज्या उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलं, ती त्या विवरापेक्षा कितीतरी लहान होती. बाकीचं काम वेगाने केलं. तुमच्या मुलाला मात्र लांबचा पल्ला हवा असणार, आणि नेमका तोच त्याला फारसा मिळणार नाही. फोम हलका असतो आणि वेग वाढला की हवेचा अडसरही वर्गाच्याच हिशोबाने वाढतो. गोळी हेलकावे खात खाली येते. लांबच्या डब्याला नेम लागत नाही, पण समोर बसलेल्या बहिणीला चौपट फटका बसतो.

2017 साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा गोळ्या लागून डोळ्यात रक्त उतरलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातला एक 11 वर्षांचा मुलगा होता. खेळण्यांवर आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण ती तपासणी कारखान्यातून निघालेल्या खेळण्याची असते. स्प्रिंग बदललेलं खेळणं कोणीच तपासलेलं नसतं. कडक स्प्रिंगने प्लॅस्टिकचा खटका तुटतो, कधी अर्धा सांगाडाच चिरतो. काही खेळण्यांत नळीच्या मागे एक छोटी झडप असते. व्हिडिओवाले ती काढायला सांगतात. नळीत गोळी नसताना ती झडप हवा अडवते. ती काढली की नळीत खडा घालूनही मारता येतो. मुलं तो घालतातच.

मग त्याने करावं काय? गळती शोधावी. दट्ट्याच्या रबरी कडीशेजारून हवा निसटत असेल, तर मूळच्या स्प्रिंगचा जोरही वाया जातो. कडी नीट बसवणं, गरज पडल्यास टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा, थोडं सिलिकॉन ग्रीस: एवढ्याने खेळणं नव्यासारखं चालतं आणि हवेच्या दाबाचा धडाही मिळतो. उघडताना आधी फोटो काढून ठेवावा, कारण स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. दबलेली स्प्रिंग उडते, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. खेळतानाही सगळ्यांना हवा. बाजारातल्या स्वस्त, कडक टोकाच्या गोळ्या घेऊ नका.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगतो. मोटरवर चालणाऱ्या खेळण्यात जास्त ताकदीची लिथियम बॅटरी जोडायचं वेड पुढे येईल. तापून पेट घेणारी वस्तू आहे ती, नाही म्हणा. आणि फटाक्यासारखी वाजवतात ती कार्बाईडची नळी तर घरात येऊच देऊ नका. 2025 च्या दिवाळीत आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, भोपाळ-विदिशाकडे, तिने शंभरावर जणांच्या डोळ्यांना इजा केली. त्यात मुलंच जास्त होती.

फोमची गोळी डोळ्याला लागलीच, तर डोळा चोळू नका, दाबू नका, घरातले थेंब टाकू नका. दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या.