गर्दीच्या वेळी तुटणारा दूरस्थ संपर्क : कारणे व तपासणी

शाळेच्या पटावरील माहिती दूरच्या संगणकाकडे पाठविणे हे काम आता प्राथमिक शिक्षकाच्या नित्यक्रमातलेच झाले आहे. राज्यात 2015 साली ‘सरल’ प्रणाली आली. यू-डायस प्लसमध्येही दरवर्षी पटनोंद करावी लागते, आणि समग्र शिक्षेतील शाळेचे संयुक्त अनुदान पटावरच ठरते. मुदत जवळ आली की सोयगावपासून पैठणपर्यंतचे शिक्षक एकाच वेळी त्या दाराशी येतात, आणि तक्ता अर्धा भरून होतो न होतो तोच संपर्क तुटतो. मग दोष मोबाइलचा की गावच्या मनोऱ्याचा, ह्याविषयी तर्क लढविले जातात. वास्तविक संपर्क कोणत्या क्षणी तुटला हे पाहिले तर पुष्कळसा उलगडा होतो.

माहिती साठविणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, सांभाळणारे तंत्रज्ञही बहुधा दुरूनच त्यात प्रवेश करतात. त्यासाठीची एसएसएच ही पद्धत फिनलंडच्या तातू युलोनेन ह्यांनी 1995 साली तयार केली; तिचे ओपनएसएसएच हे खुले रूप 1999 पासून प्रचारात आहे. शिक्षक वापरतात त्या वेबपानांची रचना निराळी असली, तरी गर्दीचा न्याय दोहोंकडे सारखाच आहे.

पहिला प्रकार दाराशीच घडतो. ओळख पटण्यापूर्वी ताटकळणाऱ्यांची संख्या 10 झाली की ओपनएसएसएच, मूळ मांडणीनुसार, नव्याने येणाऱ्यांपैकी शेकडा 30 जणांना परतवू लागते. गर्दी वाढेल तसे हे प्रमाण वाढते. 55 जण ताटकळत असता ते शेकडा 65 होते, आणि 100 झाले की कोणासही आत घेतले जात नाही. कोणास परतवावे हे केवळ योगायोगाने ठरते. म्हणून शेजारीशेजारी बसलेल्या दोघांपैकी एकास प्रवेश मिळतो व दुसऱ्यास मिळत नाही. त्यात दुसऱ्याच्या यंत्राचा काही दोष नसतो. ओळख पटविण्यास 120 सेकंदांची सवलत असते, आणि तोवर अर्धवट आलेला मनुष्य जागा अडवून असतो. परत पाठविलेल्याने लागोपाठ कळ दाबली तर तो गर्दीत स्वतःच भर घालतो. दोनतीन मिनिटे थांबून पुन्हा यत्न करणे हेच अशा वेळी शहाणपणाचे. 2024 पासून ओपनएसएसएचमध्ये आणखी एक तरतूद आहे : वारंवार चुकीचा परवलीचा शब्द देणाऱ्या पत्त्यास काही काळ प्रवेशबंदी होते. अनेक मोबाइल एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पडत असल्याने एकाच्या चुकीचा त्रास दुसऱ्यास होणे संभवते.

दुसरा प्रकार वाटेवरचा. आत प्रवेश मिळाला, शिक्षक हजेरीपटात नाव शोधण्यात गुंतले, आणि परत येऊन पाहतात तो संपर्क गेलेला. वाटेवरील उपकरणे प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतात व ती बराच वेळ मुकी राहिल्यास नोंद पुसून टाकतात. लिनक्स प्रणाली स्वतःहून पहिली चौकशी दोन तासांनी करते. तोवर पुष्कळ उपकरणांनी जोडणी विसरलेली असते. तंत्रज्ञ ह्यावर उपाय म्हणून दर 60 सेकंदांच्या शांततेनंतर एक छोटा निरोप पाठविण्याची व्यवस्था करतात, आणि तीन निरोप अनुत्तरित राहिले तरच संपर्क तुटला असे धरतात. हा अवधी 5 सेकंदांवर आणण्याचा मोह होतो, पण तो अपायकारक आहे. दमलेला सर्व्हर 15 सेकंद गप्प राहिला एवढ्यावरून चांगली जोडणी तोडली जाते. वेबपानावरील शिक्षकांच्या हाती हा उपाय नाही. त्यांनी माहिती आधी कागदावर जुळवावी आणि प्रत्येक पान भरताच जतन करावे.

तिसरा प्रकार सर्व्हरच्या आतला. त्याची स्मृती अपुरी पडली की लिनक्स एखादे चालू काम बंद पाडून जागा मोकळी करते, आणि भर कामात असलेला मनुष्यही बाहेर फेकला जातो. येथे शिक्षकाने करण्यासारखे फारसे नाही. (रात्री गर्दी नसते हा समज मुदतीच्या आठवड्यात खरा ठरत नाही, कारण तो सर्वांचाच समज असतो.)

तक्रार कळविताना ‘साइट चालत नाही’ एवढेच लिहिल्यास तंत्रज्ञास काहीच बोध होत नाही. दिनांक, घड्याळातील वेळ, पडद्यावरील संदेश जसाच्या तसा, संपर्क प्रवेशापूर्वी तुटला, स्वस्थ असता तुटला की काम करता करता तुटला, आणि त्याच वेळी केंद्रातील इतर शाळांची स्थिती काय होती, हे सर्व लिहावे. परवलीचा शब्द मात्र तक्रारीत कधीही लिहू नये.