*गाडीचा फ्यूज बॉक्स जळाला? नवीन फ्यूज टाकण्याआधी हे वाचा*



मुरबाड, शहापूर, गोवेलीकडून भेंडी, काकडी, कारली घेऊन पहाटे कल्याणच्या मार्केटला जाणारे आपले बरेच सभासद मोटारसायकलवरच असतात. काही जण दुधाचे कॅन घेऊन डोंबिवली-ठाण्याकडे जातात. गाडी अंधारात बंद पडली तर माल पडून राहतो. वायरिंगने पेट घेतला तर गाडी जातेच, पण जिवाला धोका होतो, कारण पेट्रोलची टाकी वितीच्या अंतरावर असते. म्हणून आजचा धडा फ्यूज बॉक्सवर.

*१) फ्यूज काय करतो?*
फ्यूज लाइट किंवा हॉर्न वाचवण्यासाठी नसतो, *वायर वाचवण्यासाठी* असतो. वायरला झेपेल त्याहून जास्त करंट गेला की फ्यूजची पट्टी वितळते आणि सप्लाय तुटतो. फ्यूज उडाला म्हणजे त्याने त्याचे काम केले. आता तो *का* उडाला हे शोधायचे काम आपले.

चपट्या फ्यूजचा रंग लक्षात ठेवा:
• ५ ॲम्पिअर – फिकट तपकिरी
• ७.५ – गडद तपकिरी
• १० – लाल
• १५ – निळा
• २० – पिवळा
• ३० – हिरवा

गाडीच्या पुस्तकात किंवा बॉक्सच्या झाकणावर जो आकडा असेल तोच फ्यूज टाका. लाल उडतो म्हणून हिरवा टाकणे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे, तांब्याची तार लावणे या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच: आता फ्यूजऐवजी वायर जळणार.

*२) चूक बहुतेक कुठे होते?*

*जादा लाइट:* धुक्यासाठी ५५ वॅटचे दोन लाइट लावले. ११० वॅटला १२ व्होल्टने भागले तर सुमारे ९ ॲम्पिअर होतात. वायर सोलून तिची तार फ्यूजच्या पायाशेजारी खोचली. मूळ फ्यूज १० चा, त्यावर गाडीचा आपला लोड आधीच आहे. फ्यूज उडतो. मग ३० चा टाकला जातो. आता फ्यूज उडत नाही, पण बारीक वायर तापते. शिवाय तार खोचल्याने पितळी क्लिप फाकते आणि फ्यूज सैल बसतो. सैल जोडात फक्त ०.१ ओहम अडथळा आला, तरी १० ॲम्पिअरला १० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे इंडिकेटरच्या एका बल्बाएवढी. ती एवढ्याशा जागेत साठली की प्लास्टिक वितळते.

*बॅटरी उलटी जोडणे:* चार्ज करून बसवताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली की मेन फ्यूज लगेच उडतो. तो योग्य आकड्याचा असेल तर नुकसान थोडक्यात आटोपते. त्याजागी तार असेल तर रेक्टिफायर आणि वायरिंग दोन्ही जातात.

*पाणी:* जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला तेव्हा बदलापूर-वांगणीकडे पाणी किती चढले ते आपण पाहिले. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या फ्यूज क्लिपवर हिरवट थर येतो आणि जोड तापू लागतो. पुरात भिजलेल्या गाडीचा फ्यूज बॉक्स उघडून बघाच.

*३) आधी तपासणी*

• किल्ली बंद करा. साइड कव्हर काढा. बॅटरीची *आधी मायनस* वायर सोडवा, मग प्लस. जोडताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस सुटलेली असली की पाना चुकून चेसीला लागला तरी ठिणगी उडत नाही.
• मोबाइलवर फोटो काढा. कोणत्या रंगाची वायर कुठे, हे नंतर आठवत नाही.
• नंतर लावलेली प्रत्येक जादा वायर सोडवून बाजूला करा.
• वायर हाताने चाचपत जा. कडक झालेली, काळी पडलेली किंवा फुगलेली जागा म्हणजे तिथे उष्णता पोचली आहे. हँडलच्या मानेजवळ आणि सीटखाली वायर घासली जाते, तिथे नीट बघा.

*शॉर्ट शोधायची सोपी युक्ती:* ब्रेक लाइटचा जुना २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायर जोडा. मेन फ्यूज काढून त्याच्या जागी हा बल्ब लावा आणि बॅटरी जोडा. किल्ली *बंद* असताना बल्ब झगझगीत पेटला तर बॅटरी आणि किल्लीच्या मधे वायर कुठेतरी चेसीला लागली आहे. वायर हलवत जा, बल्ब विझला ती जागा दोषाची. बल्बमुळे करंट मर्यादित राहतो, म्हणून शोधताना फ्यूजमागून फ्यूज जळत नाहीत.

*टीप:* एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंधन कॉम्प्युटरने सुटते. अशा गाडीत किल्ली चालू करून प्रयोग करू नका. ते काम सर्व्हिस सेंटरचे.

*४) जळालेला बॉक्स बदलणे*

वितळलेला बॉक्स टेप लावून चालवू नका. क्लिपचा ताण गेलेला असतो, ती पुन्हा तापणारच. एकाच मेन फ्यूजची गाडी असेल तर झाकणाचा, पाणी न जाणारा होल्डर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. अनेक फ्यूजचा बॉक्स असेल तर त्याच मॉडेलचा घ्या.

१. काम सुरू करताना बॅटरी पुन्हा सुटी करा.
२. *एका वेळी एकच वायर* कापा आणि जोडा. सगळ्या एकदम कापल्या की घोळ होतो.
३. काळे तांबे कापत मागे जा, *लखलखीत तांबे* दिसेपर्यंत. वायर आखूड झाली तर तेवढ्याच जाडीचा किंवा जाड तुकडा जोडा, बारीक कधीच नको.
४. स्लीव्ह आधी वायरमध्ये ओवा. मग थिंबल लावून प्रेसिंगच्या पकडीने दाबा. नुसता पीळ देऊन टेप मारलेला जोड हादऱ्याने सैल होतो.
५. जोड ओढून बघा. सुटला तर आत्ताच सुटू दे, घाटात नको.
६. स्लीव्ह गरम करून बसवा. होल्डरचे तोंड पाणी साचणार नाही असे ठेवा.
७. योग्य आकड्याचा फ्यूज टाका, एक जादा फ्यूज सीटखाली ठेवा.

*५) काम झाल्यावर*
गाडी सुरू करून दहा मिनिटांनी होल्डरला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर जोड कच्चा आहे. मीटर असेल तर बॅटरीवर व्होल्टेज बघा: इंजिनला थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ यावे. १५ च्या वर गेले किंवा वाढलेच नाही तर चार्जिंग मिस्त्रीला दाखवा. बॅटरी उलटी जोडली गेली होती त्यांनी हे जरूर बघावे.

*६) जादा लाइट लावायचाच असेल तर*
फ्यूज बॉक्समध्ये काही खोचू नका. बॅटरीच्या प्लसवरून *वेगळी लाइन* घ्या, प्लसपासून वीतभर अंतराच्या आत तिचा *वेगळा फ्यूज* लावा आणि पुढे रिले. रिलेचे पाय असे: ३० ला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून लाइट, ८६ ला स्विच, ८५ चेसीला. स्विचला सप्लाय किल्लीनंतरचा घ्या, म्हणजे गाडी बंद केल्यावर लाइट बॅटरी खाणार नाही. २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे सुमारे ३.३ ॲम्पिअर, त्याला ५ चा फ्यूज पुरतो. लावण्याआधी वॉरंटी आणि विम्याच्या अटी विचारून घ्या, वायरिंगमधील बदलाने पुढे दाव्यात अडचण येऊ शकते.

*रस्त्यात धूर दिसला तर:* लगेच थांबा, किल्ली बंद करा, उतरा. जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करा. ज्वाळा दिसली तर माल वाचवायला जाऊ नका, लांब व्हा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका, हाताशी असेल तर माती-वाळू टाका.

*लक्षात ठेवा:* फ्यूज एकदा उडाला तर बदला. *दुसऱ्यांदा उडाला तर कारण शोधा.* आकडा वाढवू नका.

हा मेसेज घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुला-मुलींनाही वाचायला द्या. शंका असेल तर फ्यूज बॉक्सचा स्पष्ट फोटो आणि गाडीचे मॉडेल ग्रुपवर टाका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग