तांब्याची चित्रकथा : दोन चौकटींमधील अंतर

धातूंचा इतिहास सांगणारी शैक्षणिक चित्रकथा बहुधा सरळ रेषेत चालते. पहिल्या चौकटीत हिरवट खनिज, दुसरीत लखलखीत भांडे, अखेरीस विजेची तार. या मांडणीने घटनांचा क्रम समजतो, कार्यकारण मात्र समजत नाही. दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत भट्टी, कोळसा आणि कारागीर तिन्ही लुप्त होतात.

तांब्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. जयपूरच्या आदर्श नगरात वाढणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा विषय दोन्ही अंगांनी जवळचा आहे. तो राहतो त्या राजस्थानात खेत्रीच्या खाणी आहेत. नीम का थानाजवळील गणेश्वर येथे बाणाग्रे, गळ, कुऱ्हाडी अशा शेकडो प्राचीन ताम्रवस्तू मिळाल्या. त्याच्या भाषेच्या प्रदेशात, दायमाबाद येथे, १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही सुमारे ६० किलो वजनाची शिल्पे सापडली.

असे अवशेष विरळाच. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि पुन्हा ओतता येते. त्यामुळे जुने भांडे फेकले जात नाही. ते मोडीत देऊन नवे घेतले जाते. व्यवहारातील भाषेत 'मोडीत निघणे' म्हणजे निरुपयोगी होणे. धातूच्या व्यवसायात मात्र मोड हाच नव्या वस्तूचा आरंभ. जे भूमीत दडून राहिले तेवढेच इतिहासाला लाभले, बाकीचे आकार बदलत वापरात राहिले.

चित्रकथेने दाखवावी ती हीच प्रक्रिया. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पत्र्याला घाट येतो तो ठोक्यांनी. ठोकता ठोकता तांबे कठीण होते. ते तापवून मऊ करावे लागते आणि पुन्हा ठोकावे लागते. ताप व ठोका यांची ही आवर्तने एकाआड एक चौकटींत सहज मांडता येतील. आंबट पदार्थ तांब्याला लागून कळकतात, म्हणून भांड्याला कथिलाची कल्हई करतात, हेही चित्रातून कळेल.

तेव्हा या कथेची अखेरची चौकट तारेची नसावी. तराजूत पडलेल्या मोडीची असावी आणि तिच्या शेजारी पेटलेली भट्टी असावी. मग भांडे कसे झाले याबरोबरच ते कोणी घडविले, हा प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारील.