मामा हाडांच्या कॅन्सरने गेले नव्हते

"वडिलांना होता का? काकांना? सख्ख्या भावाला?" युरोलॉजिस्टने तीन प्रश्न विचारले, मी तीनदा नाही म्हणालो, आणि त्यांनी कागदावर 'कौटुंबिक इतिहास नाही' असं लिहून टाकलं. आईकडचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. प्रोस्टेटच्या तपासणीत आईचा विषय कोण काढणार?

त्यानंतरची चार वर्षं माझा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी, दरवर्षी तपासला जात होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'तुम्हीच दुर्लक्ष केलंत' हे ऐकून माझे कान किटलेत. सगळे रिपोर्ट तारखेवार लावलेले आहेत, कुणीही येऊन बघावं. रात्री चार-चारदा उठावं लागायचं म्हणून ड्यूटास्टेराइडची गोळी चालू होती. पीएसए आधी २.२ आला, मग २.६, मग ३.१. दर वेळी एकच उत्तर: चारच्या आत आहे, चिंता नको. ही गोळी काही महिने घेतली की पीएसए साधारण निम्म्यावर उतरतो, म्हणजे माझा ३.१ खरा सहाच्या वर होता. शिवाय गोळी चालू असताना खाली गेलेला आकडा पुन्हा चढायला लागला, की तीच धोक्याची खूण. हे मला बायोप्सीनंतर कळलं. फिनास्टेराइडचंही तसंच, केस गळू नयेत म्हणून तरुण मुलं घेतात ती धरून. यांतली कुठलीही गोळी चालू असेल तर पीएसएच्या कागदावर स्वतःच्या हाताने तसं लिहा. लॅबवाला विचारणार नाही.

बायोप्सीत ग्लिसन ९ निघाला. ओटीपोटातल्या गाठींपर्यंत पोचलेला. असा आक्रमक निघाला की आता जनुकीय तपासणी सुचवतात, म्हणून मला काउन्सेलरकडे पाठवलं. तिशीतली मुलगी. कोऱ्या कागदावर तिने पुरुषांना चौकोन, बायकांना गोल असं आमचं घराणं काढायला घेतलं. वडिलांची बाजू दोन मिनिटांत संपली. आईकडे वळली. आई १९९१ साली अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, मामेबहिणीला स्तनाचा झाला, मामा हाडांच्या कॅन्सरने गेले, असं मी सांगत गेलो.

तिचं पेन थांबलं. "काका, मामांचा हाडांत सुरू झाला होता, की हाडांत पोचला होता?"

एवढा साधा प्रश्न तीस वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मी थेट इस्लामपूर गाठलं. मामींनी माळ्यावरची पिशवी काढून दिली. मामांच्या डिस्चार्ज कार्डावर स्वच्छ लिहिलेलं: प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. घरात मात्र 'हाडांचा' एवढंच शिल्लक राहिलं होतं.

त्याच पिशवीत ताईचा, म्हणजे मामेबहिणीचा, २०१९चा रिपोर्ट होता. बीआरसीए-टू, दोष आढळला. खाली रक्ताच्या नातेवाइकांना कळवण्याची सूचना. मी फोन केला तर ताई रडायलाच लागली. "मी सांगणार होते रे, पण हे म्हणाले, पोरीचं ठरतंय, आत्ता नको." हे म्हणजे दाजी. भाचीच्या लग्नात मी दोन दिवस आधी जाऊन मांडव सांभाळला होता. दाजींनी मला फेटा बांधला, शेजारी बसवून जेवू घातलं, आणि रिपोर्ट कपाटात. तेव्हाच कळलं असतं तर ३.१कडे कुणी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. माझाही रिपोर्ट आला: तोच जनुक, तोच दोष.

या जनुकाचं नावच इंग्रजीतल्या स्तनाच्या कॅन्सरवरून पडलंय, त्यामुळे हा बायकांचा मामला असं पुरुषांना वाटतं. काम आहे तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याचं. तेराव्या गुणसूत्रावर असतो, म्हणजे मुलगा-मुलगी दोघांकडेही जातो, प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. वडील किंवा भाऊ यांना प्रोस्टेटचा असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. बीआरसीए-टूचा दोष असला तर तो त्याहून वाढतो, आजार कमी वयात येतो आणि जोरात येतो. अशा पुरुषांची पीएसए तपासणी चाळिशीपासून सुरू करावी असं युरोपातल्या युरोलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे साठीला हेल्थ चेकअपचं पॅकेज भेट देतात.

डॉक्टर विचारोत न विचारोत, आईकडचे कॅन्सर सांगा: स्तन, अंडाशय, स्वादुपिंड. 'हाडांचा', 'पोटाचा' असं घरात म्हणतात त्यावर विसंबू नका, कागद काढा. बायोप्सीच्या तुकड्यावर केलेली चाचणी नातेवाइकांसाठी पुरत नाही, तिथला दोष फक्त गाठीतला असू शकतो. रक्त किंवा लाळ द्यावी लागते. घरात एकाचा दोष नक्की सापडला की बाकीच्यांनी तेवढाच शोधायचा असतो, खर्च बराच कमी येतो. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर घाबरून ऑपरेशनं करून घेऊ नका. आणि ज्याला आजार झालाय त्यानेही ही चाचणी करावी, कारण पुढच्या टप्प्यावर ओलापॅरिबसारखी औषधं अशाच दोषावर चालतात. बाकी तंबाखू सोडा, चाला, वजन आटोक्यात ठेवा. दुधीचा रस पाठवणाऱ्यांचे आभार.

घरच्यांना कळवताना फक्त स्वतःचं लिहा: 'माझ्यात हा दोष सापडलाय, तुम्ही तपासून घ्या.' दुसऱ्या कुणाचं नाव नको. मी रागाच्या भरात ग्रुपवर ताईचं नाव आणि २०१९ हे साल दोन्ही लिहिलं. ते चुकलं, कबूल. पण दाजींचं नाव लिहिलं नाही, हेही कुणीतरी लक्षात घ्यावं. सतरा जणांच्या ग्रुपवर अकरा हात जोडलेले आले. दोघांनी तपासणी कुठे होते ते विचारलं. थोरल्या मावसभावाने लिहिलं, आपल्या घराण्यात असलं काही नाही. तोही त्याच आजीचा नातू.

दाजी ग्रुप सोडून गेले. चार दिवसांनी मामींकरवी निरोप आला: "त्यांच्याही घरात लग्नाची पोरगी आहे म्हणावं, जरा विचार करून लिहायचं." फोन स्पीकरवर होता. माझ्या मुलीने तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून रक्त देऊन आली.