शंका घेण्याचा व्यवसाय : सॉफ्टवेअरची गुणवत्ता आणि कलाशाखेचा विद्यार्थी

“बी. ए. झाल्यावर पुढे काय?” हा प्रश्न कलाशाखेच्या विद्यार्थ्याला लग्नकार्यात, एस. टी.च्या प्रवासात, कोठेही विचारला जातो. बी. एड्., स्पर्धा परीक्षा, बँकेची नोकरी अशी तीनचार ठरलेली उत्तरे देऊन आपण मोकळे होतो. संगणकाचे क्षेत्र मात्र विज्ञानवाल्यांचे, तेथे आपले काम नाही, असे आपण मनोमन मान्य करून टाकलेले असते. या समजुतीला निदान एक अपवाद आहे. सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मांडणी, बरोबर आहे की नाही हे तपासण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला ‘सॉफ्टवेअर गुणवत्ता-हमी’ म्हणतात. बारकाईने वाचणे, शंका काढणे आणि नेमके लिहिणे ही त्याची मुख्य साधने होत. आणि ही साधने आपण महाविद्यालयात तीन वर्षे हाताळत असतो. या व्यवसायाचे स्वरूप, त्यातील जबाबदारी आणि त्यात शिरण्याची वाट यांचा थोडक्यात परिचय करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तपासणी आणि हमी

सॉफ्टवेअरमधील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क टू’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना, असा शेरा मारला. शेऱ्यातील गंमत अशी की यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीचीच होती. एडिसनने १८७८ सालीच तो शब्द या अर्थाने वापरला होता.

आता ‘चाचणी’ आणि ‘गुणवत्ता-हमी’ या दोन शब्दांतील फरक पाहू. आपल्या वार्षिकांकाचेच उदाहरण घ्या. छापखान्यातून मुद्रिते आली की संपादक मंडळातील विद्यार्थी ती वाचून चुका काढतात. ही झाली चाचणी. परंतु लेख मागवतानाच शुद्धलेखनाचे नियम कळवणे, हस्तलिखित दोघांनी वाचल्याशिवाय छापखान्यात न पाठवणे, गेल्या वर्षी ज्या चुका राहिल्या त्यांची यादी या वर्षी समोर ठेवणे, ही झाली गुणवत्ता-हमी. चाचणी चूक शोधते. हमी चूक होऊ नये अशी व्यवस्था लावते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मुळात घाईने, न विचार करता बनवलेल्या सॉफ्टवेअरला शेवटच्या चार दिवसांच्या चाचणीने गुणवत्ता चिकटवता येत नाही. म्हणून चांगला परीक्षक काम सुरू होण्यापूर्वीच, कागदावरील मागणीपासूनच, प्रश्न विचारू लागतो.

परीक्षक विचार कसा करतो?

समजा, एका महाविद्यालयाला निकालपत्रासाठी सॉफ्टवेअर हवे आहे. मागणी अशी लिहिली आहे : “गुण शंभरपैकी भरावेत. ३५ गुणांपर्यंत अनुत्तीर्ण दाखवावे.” मराठीच्या विद्यार्थ्याला येथेच खटकले पाहिजे. ‘पर्यंत’ म्हणजे ३५ धरून की ३५ सोडून? लिहिणाऱ्याच्या मनात काही असेल, आज्ञा लिहिणारा दुसरेच समजेल, आणि नेमके ३५ गुण मिळवणारा विद्यार्थी नापास होईल. हा दोष संगणकाचा नव्हे; तो एका शब्दयोगी अव्ययाचा आहे!

मागणी स्पष्ट झाली की तपासायचे काय, हे ठरवावे लागते. शून्यापासून शंभरापर्यंतची प्रत्येक संख्या भरून पाहण्याची गरज नसते. नापासांचा एक गट, उत्तीर्णांचा दुसरा आणि चुकीच्या संख्यांचा तिसरा असे गट पाडून प्रत्येकातील एखादी संख्या तपासली तरी चालते. मात्र दोन गटांच्या सीमेवर दोष दडून बसतात, असा अनुभव आहे. म्हणून ३४ आणि ३५, शून्य आणि उणे एक, १०० आणि १०१ या संख्या न चुकता तपासतात. त्यापुढे खरी शंका सुरू होते. अर्धा गुण मिळाला तर? रकाना कोरा राहिला तर? इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंक भरले तर? गैरहजर विद्यार्थी आणि शून्य गुण मिळालेला विद्यार्थी यांच्यात सॉफ्टवेअर फरक करते काय?

ग्लेनफोर्ड मायर्स यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या सॉफ्टवेअर-चाचणीवरील पुस्तकात असेच एक उदाहरण आहे. तीन संख्या दिल्या असता त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा प्रोग्रॅम कसा तपासाल? अनेकजण तीन प्रकारांची तीन उदाहरणे देऊन थांबतात. १, २ आणि ३ या बाजूंचा त्रिकोणच होत नाही, ही गोष्ट फारच थोड्यांना सुचते. मायर्स यांचे म्हणणे असे की प्रोग्रॅम चालतो हे दाखवण्यासाठी नव्हे, तर त्यातील चुका सापडाव्यात म्हणून तो चालवून पाहणे, हीच चाचणी होय.

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विचार परका वाटणार नाही. ‘सर्व हंस पांढरे असतात’ हे विधान हजार पांढरे हंस दाखवून सिद्ध होत नाही, पण एक काळा हंस दाखवला की ते खोटे ठरते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी हेच चाचणीबद्दल सांगून ठेवले आहे : चाचणीमुळे दोष आहेत हे दाखवता येते, दोष नाहीत हे कधीच दाखवता येत नाही.

चुकीची किंमत

निकालपत्रातील चूक दुरुस्त होऊ शकते. परंतु सर्वच चुका अशा नसतात. ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा बसला. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. जुन्या यंत्रांत अशा वेळी मारा थांबवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून टाकून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आला होता.

१९८६ च्या मार्च महिन्यात टेक्सासमधील टायलर या गावी अपघात झाला तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले. त्यांना दोष आढळला नाही. एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयात पुन्हा तेच घडले. तेव्हा तेथील भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी कर्मचारी यांनी घडलेला प्रसंग पुन:पुन्हा घडवून पाहिला आणि अखेर मर्म सापडले. सरावाने त्या कर्मचारी बाईंचा टंकलेखनाचा हात जलद झाला होता. चुकून पडलेले अक्षर त्या चटकन मागे जाऊन दुरुस्त करीत. यंत्रातील चुंबके जागेवर येण्यास सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या ध्यानातच येत नसे. सावकाश टंकन करून तपासणाऱ्याला हा दोष दिसणे शक्यच नव्हते. येथे दोष शोधणाऱ्यांनी नवे शास्त्र लावले नाही. माणूस हे यंत्र प्रत्यक्षात कसे वापरतो, हे त्यांनी चिकाटीने पाहिले.

दुसरे उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचे. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती टपाल कार्यालयांत आली. हिशेबात तूट दिसू लागली. कार्यालये चालवणारी साधी माणसे ‘आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्रात दोष आहे’ असे सांगत राहिली. परंतु विश्वास यंत्रावर ठेवला गेला. नऊशेहून अधिक जणांना न्यायालयांनी दोषी ठरवले. काहींना तुरुंगवास घडला. या पद्धतीत दोष होते असा निर्णय २०१९ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दिला आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. दोष सापडणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ‘दोष आहे’ असे सांगणाऱ्याचे ऐकून घेतले जाणेही महत्त्वाचे. परीक्षकाचे काम वापरणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलण्याचे आहे.

लेखणीचे काम

परीक्षकाने सापडलेला दोष लेखी कळवावा लागतो. “निकालपत्र नीट चालत नाही” असे लिहिणे म्हणजे वैद्याला “बरे वाटत नाही” एवढेच सांगण्यासारखे आहे. चांगल्या नोंदीत चार गोष्टी असतात : कोणत्या पायऱ्यांनी गेलो, काय अपेक्षित होते, काय घडले आणि कोणत्या यंत्रावर घडले. उदाहरणार्थ : “गुणांच्या रकान्यात ३५ भरून ‘जतन’ कळ दाबली. ‘उत्तीर्ण’ अपेक्षित, ‘अनुत्तीर्ण’ दिसले. तीनदा करून पाहिले, तीनही वेळा तसेच.” त्यात विशेषण नाही, आरोप नाही. वाचणाऱ्याला तो दोष स्वत: घडवून पाहता आला की नोंद उत्तम.

येथे मराठी भाषेचे ज्ञानही उपयोगी पडते. बँका, रेल्वे, शासकीय कार्यालये यांची कामे आता मोबाइलवरून मराठीत होऊ लागली आहेत. ‘दुसऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्धा र नीट उमटतो का, ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडतो का, वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहिण्याची आपली पद्धत अर्जात बसते का, हे पाहणारी मराठी नजर लागते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात २००८ साली आले. त्यामुळे जुन्या यंत्रावर ‘ॲड्.’ लिहिले की अक्षराऐवजी चौकोन दिसू शकतो.

वाट कशी धरावी?

पहिली पायरी म्हणजे चाचणीशास्त्राची तोंडओळख. २००२ साली स्थापन झालेल्या ‘आय. एस. टी. क्यू. बी.’ या आंतरराष्ट्रीय मंडळाची एक प्राथमिक परीक्षा आहे. तिला पदवीची अट नाही. चाळीस प्रश्न, साठ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यास सव्वीस गुण, असे तिचे स्वरूप. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल तर पंधरा मिनिटे अधिक मिळतात. मात्र प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. इंग्रजीत स्वच्छ लिहिता येणे, माहितीच्या कोठारातून हवे ते काढण्यासाठी ‘एस. क्यू. एल.’ आणि पायथॉन किंवा जावा यांपैकी एक संगणकभाषा, एवढी तयारी हवीच. तीच ती तपासणी पुन:पुन्हा करण्यासाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेलेनियम’सारखी साधने आहेत. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता स्वत:च आज्ञा लिहिते. केवळ कळा दाबणाऱ्या परीक्षकाचे काम यंत्राकडे जाणार, यात संशय नाही. पण काय तपासावे आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पुण्याच्या हिंजवडीतील किंवा नवी मुंबईतील पुष्कळशा जाहिरातींत अभियांत्रिकी पदवीच मागतात. यास्तव लहान कंपनीतून, ग्राहक-साहाय्याच्या किंवा भाषांतर-तपासणीच्या कामातून आत शिरावे लागते. दोन-चार वर्षे टिकल्यावर गटप्रमुख होता येते, किंवा स्वयंचलित चाचणी, सुरक्षितता यांसारखी शाखा निवडता येते. काम कधी कंटाळवाणे असते, आणि चुका दाखवणारा माणूस कोणालाच फारसा प्रिय नसतो. चूक दाखवावी, चुकणाऱ्याला दाखवू नये, एवढे पथ्य पाळले तर मात्र तोच माणूस पुढे विश्वासाचा होतो.

या व्यवसायातील यश डोळ्यांना दिसत नाही. निकाल बरोबर लागला, पैसे योग्य खात्यात गेले, रुग्णाला ठरलेलीच मात्रा मिळाली, म्हणजे काहीच विशेष घडले नाही. आणि ‘काही घडले नाही’ हेच परीक्षकाचे श्रेय. मुद्रितशोधकाचेही असेच असते. तेव्हा मित्रहो, या अंकात एखादा मुद्रणदोष सापडला तर नुसते हसू नका. पान, ओळ, काय छापले आहे आणि काय हवे होते, हे चिठ्ठीवर लिहून संपादक मंडळाकडे द्या. या व्यवसायातील पहिला धडा तेथेच गिरवून होईल.